आधी घड्याळ, मग कान

८ जानेवारी, बुधवार. सकाळ.

नवी वही, नवं वर्ष. आम्हा युक्रेनी लोकांचा, जुन्या पंचांगाचा नाताळ काल झाला. चर्चनं मध्यंतरी नाताळ पंचवीस डिसेंबरला हलवला. मी हलवलेला नाही. त्यामुळे बायकोला, व्हर्नाला, दोनदा स्वयंपाक करावा लागतो, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

परवाच्या, नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला रिवाजाप्रमाणे एक ताट रिकामं मांडलं होतं, जे नाहीत त्यांच्यासाठी. व्हर्ना त्या ताटाकडे बघत म्हणाली, नेस्टर जिवंत आहे रे, त्याची आठवण अशी काढायला लागू नये. मी म्हणालो, बिटाचं बोर्श सूप गार होतंय.

नेस्टर म्हणजे माझा थोरला भाऊ. सस्कटूनच्या वृद्धाश्रमात असतो, इथून तीन तासांवर. सहा वर्षं बोलणं नाही. कारण, आईचं भिंतीवरचं घड्याळ. आईनं ते मला दिलं. तो म्हणतो त्याला दिलं. दोघांनाही दिलं असेल, आईचा स्वभाव तसा होता. पण घड्याळ एकच आणि ते माझ्या तळघरात आहे, म्हणजे वाद मिटलेला आहे. फक्त नेस्टरला ते कळत नाही.

संकल्प: वजन कमी. कोणत्याही लबाडीला बळी पडायचं नाही. नेस्टरनं आधी फोन केला तरच बोलायचं.

१४ जानेवारी, मंगळवार

ओटावाहून, म्हणजे कॅनडा सरकारकडून, जाड पाकीट. ज्येष्ठांच्या डिजिटल समावेशाचं राष्ट्रीय धोरण. वर घोषवाक्य, ‘कोणीही मागे राहणार नाही’. हे मला धमकीसारखं वाटलं.

धोरण अजून कच्चं आहे. पक्कं करण्याआधी म्हाताऱ्यांची मतं घेणार आहेत. त्यासाठी प्रत्येकाला एक टॅब्लेट वापरायला मिळणार, आणि दर मंगळवारी दुपारी पडद्यावर बैठक. आमच्या झोरिया गावातले लोक आणि शहरातल्या वृद्धाश्रमांतले काही. बैठक चालवणार रेजायनाच्या कोणी फेअरबाई.

मी जन्मभर धान्यकोठारावर होतो. शेतकरी ट्रक घेऊन यायचा, वरून गहू सोन्यासारखा, खाली ओला. मूठ आत खुपसून वास घेतला की मला कळायचं. हे पाकीटही हुंगलं. ओलं आहे.

सरकार म्हाताऱ्याला फुकट वस्तू का देतं? अठ्ठ्याहत्तर वर्षांत ओटावानं मला फक्त अर्ज दिले. आता म्हणे अर्जही पडद्यावरच भरायचे, म्हणजे तेवढंही गेलं.

व्हर्नानं आम्हा दोघांची नावं मला न विचारता देऊन टाकली आहेत. मी म्हणालो, विचारायचं तरी. ती म्हणाली, विचारलं होतं, तू हो म्हणालास. हल्ली ती फार पुटपुटते.

१६ जानेवारी

दोन टॅब्लेट आले. व्हर्नानं तिचा लगेच उघडून बहिणीच्या नातवंडांचे फोटो बघितले. मी माझा पावाच्या पिशवीत गुंडाळून तळघरातल्या फ्रीझरमध्ये, गोठवलेल्या पेरोहींच्या, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांच्या, खाली ठेवला. गारठ्यात त्याला ऐकू येत नाही, असं अल्फोन्सचं मत आहे. अल्फोन्स एके काळी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.

१७ जानेवारी

पाकिटात एक पत्रक मात्र चांगलं निघालं, फसवणुकीपासून सावध राहण्याचं. हे कोणीतरी मनापासून लिहिलंय. आजकाल भामटे यंत्रावर नातेवाइकाचा हुबेहूब आवाज काढतात. फोन करतात, मी तुमचा नातू, मी तुमचा भाऊ, अडचणीत आहे. उपाय असा की घरच्यांनाच ठाऊक असलेला एक प्रश्न ठरवून ठेवायचा.

ठरवला. लहानपणच्या आमच्या तांबड्या गाईचं नाव काय? उत्तर इथे लिहीत नाही. वही चोरीला जाऊ शकते.

२० जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.

आज धोरणाची पहिली परीक्षा झाली आणि मी उत्तीर्ण!

व्हर्ना चर्चमध्ये पेरोही करायला गेलेली. फोन वाजला. ओरेस्ट, मी नेस्टर बोलतोय. मी एकदम सावध. आवाज हुबेहूब! शेवटचा शब्द गिळून टाकायची सवयसुद्धा उचललेली. फक्त दम लागत होता. भामटे तिथेच चुकले. नेस्टरला कधी दम लागत नाही, तो दोन खांद्यांवर दोन पोती घेऊन शिडी चढायचा.

म्हणाला, फार बरं वाटत नाही, तुझ्याशी बोलावंसं वाटलं. (पत्रक, पान दोन, ‘भामटा भावनेला हात घालतो.’) मी शांतपणे विचारलं, तांबड्या गाईचं नाव सांग.  म्हणतो, कुठली तांबडी गाय? आपल्याकडे तांबडी गाय कधी होती?

सापडलास, म्हणालो, आणि फोन आपटला. 

जेवताना व्हर्नाला सगळं रंगवून सांगितलं. तिनं चमचा खाली ठेवला. विचारलं, आवाज नेस्टरचाच होता? मी म्हणालो, अगदी हुबेहूब, तीच तर गंमत. ती उठून भांडी घासायला लागली. भांड्यांत अजून जेवण होतं.

२२ जानेवारी

को-ऑपच्या पेट्रोल पंपावर सकाळची कॉफी. सगळ्यांना किस्सा सांगितला. वाटलं होतं तेवढं कोणी हसलं नाही. अल्फोन्स म्हणाला, लेका, नेस्टरला उलटा फोन करून खात्री करून घे की. मी म्हणालो, भामट्याला नेमकं तेच हवं असतं. अल्फोन्स म्हणाला, पण नंबर तर तुझ्या वहीतलाच फिरवशील ना. ह्या लोकांना सुरक्षेतलं काही कळत नाही.

२३ जानेवारी

आईचा एक जुना फोटो शोधून काढला. अंगणात आई, मी, नेस्टर, मागे गाय. गाय तांबडी दिसत नाही. पण फोटो काळा-पांढरा आहे. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

व्हर्ना दर मंगळवारी टॅब्लेट बगलेत मारून गावाच्या सभागृहात जाते. तिथे बऱ्याच जणी एकत्र बसतात, शिकवायला माणूस असतो, कॉफी असते. येते तेव्हा खुशीत असते. मी विचारलं, बैठकीत कोण कोण असतं? म्हणाली, ये आणि बघ. हे उत्तर नव्हे, आमिष आहे.

जाऊन बघणार नाही. पण ऐकणार. आणि ते मला चांगलं येतं.

आमच्या लहानपणी आसपासच्या सगळ्या शेतांवर मिळून टेलिफोनची एकच तार होती. प्रत्येक घराची घंटा वेगळी. आमची दोन लांब, एक आखूड. व्हर्नाचं माहेरही त्याच तारेवर, तीन आखूड. दुसऱ्याची घंटा वाजली की रिसीव्हर अलगद उचलायचा, तोंडावर हात ठेवायचा, श्वास रोखायचा. कोणाची डुकरं मेली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं फुकट. मी आणि नेस्टर त्यात तरबेज. एकच धोका होता, आईचं घड्याळ. त्याची टिकटिक लंगडी. दोन ठोके, मग एक अडखळ. ती तारेवर गेली की ओळखू येणार, आमच्या, पालामारांच्या, घरी कोणीतरी कान लावलाय. म्हणून नेस्टरचा नियम होता, आधी घड्याळ, मग कान. मी घड्याळावर उशी दाबून धरायचो, तो ऐकायचा. मग पाळी बदलायची. एकदाही सापडलो नाही.

घड्याळ आता तळघरात आहे, पण त्याची टिकटिक मला हल्ली ऐकू येत नाही. बंद पडत आलं असावं. म्हणजे त्याची काळजी नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.

टॅब्लेट फ्रीझरमधून काढला. पीठ झटकलं, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीजवळ ठेवून कोमट केला. सुरू झाला! दणकट वस्तू आहे. तळघरात भट्टीमुळे उकडतं, म्हणून बनियनवर बसलो. डोक्यावर टोपी, ओळख पटू नये म्हणून.

बरोबर दोनला घंटीचं चित्र आलं. दाबलं. पडदाभर चौकटी, प्रत्येकीत एक म्हातारं माणूस. व्हर्ना, तिची मैत्रीण युनिस, फेअरबाई, बाकी कोण कोण. एका चौकटीत मी. म्हणजे आरसा दिलाय. चांगली सोय आहे, टोपी नीट बसवता आली.

तोंडावर हात, श्वास हळू. नियम तोच आहे. जो बोलत नाही, तो नाही.

फेअरबाई सुरुवातीलाच म्हणाल्या, आज एक नवीन गृहस्थ दिसतायत... तेवढ्यात युनिस म्हणाली, राहू द्या हो बाई, आमच्याकडे असंच असतं. सगळ्या गालात हसल्या. ‘असंच’ म्हणजे कसं? टिपून ठेवतो. काहीतरी शिजतंय.

मग युनिसनं मध्येच, कशाचा कशाला संबंध नसताना, पडद्याजवळ तोंड आणून सांगितलं, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची तपासणी गुरुवारी दवाखान्यात आहे. दोनदा सांगितलं. बिचारा अल्फोन्स. इतकं वाढलंय हे मला माहीत नव्हतं.

रात्री जेवताना व्हर्ना म्हणाली, तळघरात सदरा घालून बसत जा. हिला कसं कळलं? लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली. बायकांना वास येतो.

५ फेब्रुवारी

ओटावाला पाठवण्यासाठी अहवाल लिहायला घेतला. नाव, ‘ज्येष्ठांवरील पाळत: एका जाणकाराचं निरीक्षण’. नाव झालं. बाकी उद्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सदरा घालून बसलो. व्हर्नानं सांगितलं म्हणून नव्हे, थंडी होती.

आज महत्त्वाचा शोध लागला. पडद्याच्या कोपऱ्यात एक काळी चौकट आहे. चेहरा नाही. खाली नाव म्हणून फक्त ‘पाहुणा’. बैठकभर गप्प. अधूनमधून कोरडा खोकला, एकामागून एक दोन. हा ओटावाचा माणूस! मी त्याच्याकडे रोखून बघितलं. तोही अंधारातून माझ्या दिशेनं बघत असणार. दोन जाणकार समोरासमोर, आणि बाकीच्या बायकांना पत्ता नाही.

बसल्याबसल्या कुबासा सॉसेज खाल्लं, अगदी बिनआवाज. फेअरबाईंनी त्याच वेळी सांगितलं, खाताना कृपया आवाज बंद करावा. रोख स्पष्टपणे युनिसकडे होता.

विषय होता, म्हाताऱ्यांना पडद्याची भीती का वाटते. व्हर्नानं भर बैठकीत घरची गोष्ट काढली. माझे दीर सस्कटूनला असतात, छातीचं दुखणं आहे, त्यांनी मोठ्या हिमतीनं भावाला फोन केला, तर भावानं त्यांना गाईचं नाव विचारलं. सगळे हसले. फेअरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, सावध राहा म्हणून आम्ही इतकं सांगतो की लोक आपल्या माणसालाही दार लावतात, हे धोरणात लिहायला हवं. काळ्या चौकटीतून खोकला आला, बराच वेळ.

घरची गोष्ट ओटावाच्या कानावर गेली. मला वाईट वाटलं. व्हर्नासाठी.

१२ फेब्रुवारी

कॉफीला अल्फोन्सनं विचारलं, कुबासा कुठल्या खाटकाकडून आणतोस? छान दिसत होतं. मी म्हणालो, तुला काय ठाऊक मी कुबासा खाल्लं? म्हणाला, चेहऱ्यावरून. ह्या माणसाकडेही लक्ष ठेवायला हवं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काळी चौकट आली नाही. वास्तविक मोकळेपणानं बसायला हवं होतं. पण मन लागेना. विषय कसला होता तेही लिहून घेतलं नाही. व्हर्नाचा चेहरा उतरलेला. ती मधूनमधून सरळ माझ्याकडे बघत होती, म्हणजे कॅमेऱ्याकडे.

संध्याकाळी सांगितलं तिनं. नेस्टर इस्पितळात आहे. मी विचारलं, कोण म्हणालं? म्हणाली, तिथल्या नर्सचा फोन होता. मी म्हणालो, ती नर्स खरी कशावरून?

मग व्हर्ना जे बोलली त्यातला शब्दन् शब्द मला ऐकू आला. म्हणाली, आपल्या म्हणजे तुमच्या गोठ्यात तांबडी गाय नव्हतीच, ओरेस्ट! ती मजुकांची होती, आमच्या पलीकडच्या. तू रोज गवत घेऊन तिच्याकडे पळायचास. साऱ्या गावाला माहीत होतं. नेस्टरनं खरं तेच सांगितलं, आणि तू फोन आपटलास.

मी म्हणालो, म्हणजे प्रश्न ठरवण्यात थोडी त्रुटी होती. ती झोपायला निघून गेली. साडेसहा वाजले होते.

१९ फेब्रुवारी

निर्धार. आज नेस्टरला फोन करायचा.

पण आधी मुद्दा स्पष्ट व्हायला हवा. संकल्प असा होता की त्यानं आधी फोन केला तर बोलायचं. तो जर नेस्टर होता, तर त्यानं फोन केलेला आहे. म्हणजे अट पूर्ण झाली. मग बोलायला हवं होतं, आणि मी बोललो नाही. म्हणजे संकल्प मी मोडला. तो जर नेस्टर नव्हता, तर सगळं ठीक आहे. संध्याकाळपर्यंत ह्या ‘जर’पाशीच बसलो. इस्पितळात संध्याकाळी फोन करणं बरं नव्हे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

त्यापेक्षा सरळ गाडी काढून जावं. समोरासमोर बसलं की आवाजाबिवाजाचा प्रश्न नाही. सकाळी सातला निघायचं ठरवलं. बाहेर उणे चौतीस. रात्री इंजिन गरम ठेवायची वायर प्लगला लावायला विसरलो. गाडी दगड झाली. मुद्दाम विसरलो नाही. व्हर्नानं काही विचारलं नव्हतं, तरी तिला हे दोनदा सांगितलं.

भीती वाटते. लिहून टाकलं, आता पुढे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काळी चौकट आजही नाही. सरकारी हेराच्या तब्येतीची काळजी करणारा मी ह्या देशातला पहिलाच असेन. तरी वाटते काळजी. त्याचा खोकला चांगला नव्हता.

व्हर्ना म्हणते, डॉक्टर म्हणाले नेस्टरची फुप्फुसं थकलीत, आता जेवढं आहे तेवढं. तिनं नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावलाय. मी दिवसभर दूध घ्यायलाही फ्रीजकडे गेलो नाही.

४ मार्च, मंगळवार

आला! काळी चौकट आज परत आली. खोकला थोडा बारीक झालाय, पण तोच, एकामागून एक दोन. मला इतका आनंद झाला की हात आपोआप वर गेला. लगेच खाली आणून तोंडावर ठेवला. कोणाच्या लक्षात आलं नसावं. व्हर्ना डोळे पुसत होती. त्या सभागृहात धूळ फार आहे.

विषय, एकटे राहणारे लोक आणि पडदा. एका वृद्धाश्रमातल्या आजी म्हणाल्या, मला बोलायचं काही नसतं, पण चार माणसांचा आवाज येत राहिला की दुपार जाते. फेअरबाईंनी विचारलं, हे धोरणात कसं लिहायचं? कोणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी तिथे नव्हतो.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.

जसं झालं तसं लिहितो.

आज शेवटची बैठक. फेअरबाई एकेकाला विचारत होत्या, तुमची कोणती एक गोष्ट ओटावाला कळवू? युनिस म्हणाली, अक्षरं मोठी करा आणि दर महिन्याला बटणांच्या जागा बदलू नका. व्हर्ना म्हणाली, शिकवणारा माणूस समोर बसलेला हवा, आणि कॉफी हवी. तिच्या खांद्यामागून अल्फोन्स म्हणाला, कॉफी ताजी हवी. अल्फोन्स! हा तिथे कधीपासून बसतोय?

मग फेअरबाई म्हणाल्या, पाहुणे, तुम्हाला काही सांगायचंय?

काळ्या चौकटीत खोकला.  मी टॅब्लेटला कान लावला. आणि आवाज आला, दम खात, शेवटचा शब्द गिळत. हो, म्हणाला. लिहून घ्या. आधी घड्याळ, मग कान.

फेअरबाई म्हणाल्या, माफ करा, समजलं नाही.

आवाज म्हणाला, ज्याला समजायचं त्याला समजलंय. ओरेस्ट, उशी टाक त्या घड्याळावर. महिना झाला, माझं डोकं उठलंय.

मी उठलो. खुर्चीवरची उशी घेतली आणि घड्याळावर दाबून धरली. विचार करायला वेळच नव्हता, हातांना सवय आहे. तसा उभा असतानाच आरशाकडे लक्ष गेलं. आरशातला मीही उशी दाबून उभा होतो. आणि सगळ्या चौकटींतली सगळी माणसं त्या आरशाकडे बघत होती.

युनिस म्हणाली, नमस्कार ओरेस्ट. पहिल्या दिवसापासून म्हणायचं राहून गेलं होतं.

तोंडावरचा हात काढायला गेलो. तो तोंडावर नव्हताच, दोन्ही हात उशीवर होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, तांबड्या गाईचं नाव काय?

नेस्टर म्हणाला, आपल्याकडे तांबडी गाय नव्हती रे, गाढवा.

बरोबर, म्हणालो.

नंतर दोघांनाही बोलता येईना. फेअरबाईंना वाटलं आमचे आवाज बंद झालेत. त्या बटण कुठे असतं ते समजावून सांगायला लागल्या. व्हर्ना म्हणाली, बाई, राहू द्या.

मग मी विचारलं, तू चेहरा का दाखवत नाहीस? म्हणाला, नाकात नळ्या आहेत, बघण्यासारखं काही नाही. आणि चोरून ऐकायचं तर अंधारात बसून ऐकावं, बनियनवर नव्हे. मी विचारलं, मग इतके दिवस गप्प का बसलास? म्हणाला, बोललो असतो तर तू पुन्हा गाय विचारली असतीस. तू तिकडे आहेस हे ऐकू येत होतं. तेवढं पुरत होतं.

मी रडलो. कॅमेऱ्यासमोर रडलो, आणि आता मला ठाऊक होतं की तो कॅमेरा आहे.

१२ मार्च

फेअरबाईंचा फोन. त्या फेअरबाईच आहेत ह्याची आधी खात्री करून घेतली. (युनिसनं काय सुचवलं होतं ते विचारलं. बरोबर आलं.) ओटावाच्या अहवालात एका यशस्वी ज्येष्ठाचं उदाहरण द्यायचंय. वय अठ्ठ्याहत्तर, स्वतः होऊन सामील, पडद्यावर आल्यापासून एकही बैठक चुकवली नाही, आणि लक्ष इतकं की कधी पापणी हलली नाही. सोबत फोटो. मी विचारलं, कुठला फोटो? म्हणाल्या, उशीचा छान आलाय.

विचार करून सांगतो म्हणालो. व्हर्नानं माझ्या वतीनं कालच हो म्हटलंय.

माझ्या अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर व्हर्नानं वाणसामान लिहिलं. तेवढा तो कामी आला.

१३ मार्च

कानाची तपासणी केली. खरं तर व्हर्नाच्या पुटपुटण्याबद्दल विचारायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, ती पुटपुटत नाही.

१५ मार्च, शनिवार. सस्कटून, इस्पितळाच्या आवारात, गाडीत.

रात्री वायर लावली होती, मी स्वतः. सातला निघालो. घड्याळ सोबत आणलंय. नेस्टरला दिलेलं नाही. त्याच्या खोलीत ठेवायला आणलंय. ह्या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो मी त्याला समजावून सांगणार आहे. मागच्या सीटवर ठेवलंय, उशीत गच्च गुंडाळून, वरून घोंगडी.

अर्ध्या वाटेत व्हर्ना म्हणाली, काय सुरेख अडखळतंय अजून. मी म्हणालो, तुला ऐकू येतंय? उशीतून? घोंगडीतून? म्हणाली, हो की, स्वच्छ. तेव्हाही यायचं.

मी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी?

म्हणाली, लहानपणी. आमच्या फोनवर रोज यायचं. आई कोणाशी बोलत असली आणि ते सुरू झालं की म्हणायची, पालामारांची पोरं आली हो ऐकायला, आता पहिल्यापासून सांगा.

मी म्हणालो, आम्ही उशी दाबून धरायचो. ती म्हणाली, माहीत आहे.

व्हर्ना पुढे गेली आहे. मी पाच मिनिटांत येतो म्हणालो. हे नेस्टरला सांगावं की नाही ते ठरत नाही. दोघांपैकी ऐकण्यात तोच हुशार होता.